गालिच्याची मागची बाजू

जुना इराणी गालिचा दिसला की माझा हात आधी त्याच्या कोपऱ्याकडे जातो. कोपरा उचलून मागची बाजू बघितल्याशिवाय राहवत नाही. यजमानांच्या कपाळावर आठी पडते, पडू दे. हातविणीच्या गालिच्यात पुढची नक्षी मागेही लख्ख उमटलेली असते, गाठ न् गाठ दिसते. टोकाची झालर म्हणजे ताण्याचेच, विणीतले उभे दोरे. नंतर शिवून लावलेली असली तर समजावं काय ते.

निळ्या जमिनीत मध्येच एखादा आडवा पट्टा फिका दिसतो, त्याला इराणात ‘अब्रश’ म्हणतात. लोकर थोडी थोडी रंगवायची. नीळ किंवा मंजिष्ठाचा एक घाणा संपला की दुसरा तंतोतंत तसा कुठून उतरणार? वीण ओळीओळीने वर चढते, म्हणून फरक आडवा पडतो. मला तर हे पट्टेच आवडतात. दुकानदार मात्र सांगतात, परिपूर्ण फक्त देव, म्हणून विणकर एखादी चूक मुद्दाम ठेवतो. गोष्ट गोड आहे, पण लाखो गाठी मारणाऱ्याला चुका मुद्दाम कशाला कराव्या लागतील?

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधल्या, इराणातल्या अर्दबीलच्या गालिच्याबद्दलही हेच बोलतात. सुमारे साडेदहा मीटर लांब, रेशमी ताण्याबाण्यावर लोकरीच्या गाठी. मधल्या पिवळ्या चक्राच्या दोन टोकांना दोन दिवे लटकलेले, आणि त्यातला एक चक्क लहान! लहान दिव्यापाशी बसलं की दोन्ही सारखे दिसावेत, अशीही एक उपपत्ती आहे. पण त्या काळच्या इराणी कलेत असा दृष्टिभ्रमाचा खेळ दुसरीकडे कुठे दिसत नाही, त्यामुळे तीही लंगडीच. एका टोकाला फारसी कवी हाफिजच्या दोन ओळी आहेत, तुझ्या उंबरठ्याखेरीज मला जगात आसरा नाही अशा अर्थाच्या. खाली ‘दरगाहचा सेवक मक्सूद काशानी’ आणि हिजरी ९४६, म्हणजे १५३९-४०. पण एवढा गालिचा एकट्याच्या हातचा नव्हे. गाठी मारणाऱ्यांची नावं कुठेच नाहीत.

या गालिच्याला जुळा भाऊ होता. दोघंही झिजलेले, म्हणून एकाचे तुकडे काढून दुसऱ्याला जोडले. तो धड झालेला गालिचा इंग्रज नक्षीकार विल्यम मॉरिसच्या शिफारशीवरून म्युझियमने १८९३ मध्ये २,००० पौंडांना घेतला. ज्याचे तुकडे काढले, तो मात्र काठ गमावून लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात पोचला. निवड करायची वेळ आली, तर मी आधी त्यालाच बघायला जाईन.