कापूस एकाचा, पैसे दुसऱ्याच्या खात्यात

दिवाळीनंतर आमच्या धरणगाव-अमळनेर पट्ट्यात कापसाची धामधूम असते. एका जिनिंगचं कॉम्प्युटरचं काम मी बघायचो. त्या दिवशी काट्यावर गाड्यांची रांग लागलेली, आणि एक म्हातारे शेतकरी तडक ऑफिसात शिरले. "कापूस मी दिधा भाऊ, पैसा कोनले ग्यात?"

एक्सेलची फाइल उघडली. दर गाडीला एक ओळ, आणि दर ओळीत नाव, गाव, मोबाइल, बँक खातं सगळं नव्याने टाइप केलेलं. त्या शेतकरी बाबांच्या तीन ओळी निघाल्या; दोनांत एक खाते नंबर, तिसरीत वेगळाच. घरात वाटणी झाल्यावर त्यांनी स्वतःचं खातं काढलं होतं. मुनीमजींनी नंबर बदललाही होता, पण एकाच ओळीत. उरलेल्या दोन गाड्यांचे पैसे मोठ्या भावाच्या खात्यात, आणि दोघांत बोलणं बंद! गावातल्या चार माणसांना मध्ये घालून ते परत मिळाले, ती वेगळीच कथा.

मुनीमजींना काय बोलणार? एकच माहिती दहा जागी लिहिली की एखादी सुटणारच. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती एकमेकांशी जोडलेल्या टेबलांत ठेवायची पद्धत, मांडलं; त्या लेखातही या दुबार नोंदींचा विचार आहे. मी मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये शेतकऱ्यांचं टेबल वेगळं केलं, वजनपावत्यांचं वेगळं. खातं फक्त पहिल्यात. पावतीवर नुसता शेतकरी क्रमांक.

"क्रमांक कशाला, नावच ठेवा की," मुनीमजी म्हणाले. पण एकाच गावात एकाच नावाचे दोन-तीन पाटील सहज निघतात. मोबाइल म्हणावा तर अख्ख्या घरात एक, तोही पोराच्या खिशात. म्हणून प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक शेतकऱ्याची एकमेव ओळख, आपलीच, सिस्टिमने दिलेली.

फॉरेन कीवरून, म्हणजे पावतीवरचा क्रमांक शेतकऱ्यांच्या टेबलात असलाच पाहिजे या अटीवरून, मात्र खरी खडाजंगी झाली. शेतकऱ्याची नोंद नसेल तर पावती सेव्हच होईना. बाहेर ट्रॅक्टर हॉर्न वाजवताहेत, आत मुनीमजी माझ्यावर उखडलेले: "हे तुमचं सॉफ्टवेअर माल शेजारच्या जिनिंगला घालवील!" मी ती अट काढली नाही, फक्त नवीन शेतकऱ्याची नोंद काट्यावरच करता येईल असा छोटा फॉर्म दिला.

पुढची सुधारणा त्यांनीच सुचवली. जुना खाते नंबर पुसायचा नाही, कोणता कधीपासून चालू ते तारखेसह ठेवायचं. मागच्या हंगामाची पावती काढली तर तेव्हाचे पैसे कुठे गेले ते दिसलं पाहिजे. मग खात्यांचंही एक स्वतंत्र टेबल झालं.