काळ्या पट्ट्या

जुना सिनेमा मल्टिप्लेक्समध्ये पुन्हा लागला, की नामावली संपायच्या आत मागून कुणीतरी म्हणतंच, "अहो, चित्र एवढंसं का? दोन्ही बाजूंना पडदा रिकामाच आहे की!" मग एखादा उत्साही उठून दारातल्या पोराला गाठतो आणि पोरगा वॉकी-टॉकीवरून वर कळवतो. खरा धोका इथून सुरू होतो. प्रोजेक्शनवाल्याने तक्रार मनावर घेऊन चित्र पडदाभर केलं, तर पुढचे तीन तास नायिकेच्या कपाळावरचं कुंकू दिसायचं नाही, आणि नाचाला पायच नसतील.

बाजूच्या त्या काळ्या पट्ट्या म्हणजे तिकिटाचे पैसे वसूल होत असल्याची खूण आहे. जुन्या बोलपटांची चौकट १.३७ ला १. म्हणजे एक फूट उंचीला जेमतेम एक फूट साडेचार इंच रुंदी. आजचा पडदा १.८५ ला १ असतो, नाहीतर त्याहून लांबट, २.३९ ला १. पडदा ४० फूट रुंद आणि १.८५चा असेल, तर उंची साडेएकवीस फूट. त्या उंचीत जुनं चित्र साडेएकोणतीस फूट रुंद बसतं, आणि दोन्ही बाजूंना पाच-पाच फूट काळं उरतं. हे काळं नको असेल तर चित्राची उंची २६ टक्क्यांनी छाटावी लागते. लांबट पडदा भरायचा हट्ट धरला, तर ४३ टक्के चित्र जातं. निम्मा सिनेमा कापून पडदा भरल्याचा आनंद कुणाला होत असेल, देव जाणे.

जुन्या छायाचित्रकारांनी ही उंची फुकट घालवलेली नाही. 'संत तुकाराम' (१९३६) घ्या. शेवटी तुकोबा वैकुंठाला निघतात, ती सगळी हालचाल खालून वर आहे. वरचा भाग छाटला, तर विमान निघणार कुठे? याच्या उलट 'कागज़ के फूल' (१९५९). हा भारतातला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे लांबट चौकटीचा, चित्रपट. त्यात रिकाम्या स्टुडिओचा लांबरुंद अंधार लांबट चौकटीशिवाय उभाच राहत नाही. गुरुदत्त आणि छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती ही जोडी दोन वर्षं आधी 'प्यासा'साठी १.३७च्या चौकटीत काम करत होती. दोन्ही सिनेमे लागोपाठ बघितले, की एकच डोळा दोन वेगळ्या खिडक्यांतून कसा बघतो ते कळतं.

'शोले'ची तऱ्हा तिसरीच. तो चित्रित झाला ३५ मिलीमीटरच्या फिल्मवर आणि नंतर मोठा करून ७० मिलीमीटरवर नेला. त्याची चौकट २.२ ला १. तिथे वरखाली छाटायचं हे सिनेमा करणाऱ्यांनीच आधी ठरवलेलं होतं, म्हणून ते छाटणं खुपत नाही. २०२५मध्ये तो मूळ शेवटासह नव्याने दुरुस्त होऊन आला, तेव्हा चौकटही २.२चीच ठेवली होती.

बसायची जागा मात्र बदलावी. पट्ट्यांमुळे चित्र लहान वाटतं, म्हणून नेहमीपेक्षा पाव हिस्सा पुढे सरकावं. एरवी पडद्यापासून ४० फुटांवर बसत असाल, तर ३० फुटांवर बसा. डोळ्यांत मावणारी रुंदी तेवढीच होते. पुढच्या रांगांची तिकिटं बहुतेक ठिकाणी स्वस्तच असतात, ते वेगळंच.

पट्ट्या खऱ्या काळ्या दिसतील ही अपेक्षा ठेवू नये. डिजिटल प्रोजेक्टरचं काळं म्हणजे गडद करडं. जुन्या थिएटरांत चित्राच्या मापाने बाजूचे काळे पडदे मोटरवर सरकायचे आणि ते करडेपण झाकलं जायचं. नव्या बांधकामात हा खर्च बहुधा वाचवलेला असतो. कृष्णधवल सिनेमा तर प्रोजेक्टरचं सगळं बिंग बाहेर काढतो. दिवा म्हातारा झाला असेल, तर पांढऱ्यावर हिरवट किंवा पिवळट झाक येते. थ्रीडीचं फिल्टर भिंगापुढून काढायचं राहून गेलं असेल, तर भर दुपारचं दृश्य तिन्हीसांजेचं वाटतं.

आता आतला माल. 'नव्याने प्रदर्शित' या दोन शब्दांखाली तीन प्रकारचा माल खपतो. पहिला, मूळ निगेटिव्हवरून ४केमध्ये स्कॅन करून नीट दुरुस्त केलेला. दुसरा, जी काही प्रिंट हाताला लागली तिचा स्कॅन. तिसरा, टीव्हीसाठी कधीकाळी केलेली व्हिडिओ प्रत ताणून मोठी केलेली. पोस्टर तिन्हींचं सारखंच देखणं असतं.

तिसरा प्रकार कानाने ओळखता येतो. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी, म्हणजे २४ सुट्या चित्रांनी, चालतो, तर आपल्याकडची टीव्हीची प्रत २५ने. त्यामुळे तीन तासांचा सिनेमा सात मिनिटं आधीच संपतो आणि गाणं जवळजवळ पाऊण अर्धस्वर वर चढतं. रेडिओवर आयुष्यभर ऐकलेली लता इथे किंचित घाईत आहे असं वाटलं, तर संशय घ्यायला हरकत नाही. डोळ्यांना पुरावा हवा असेल, तर कुणी झटकन मान वळवताना बघा. चेहऱ्याच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसले, की खात्री झाली.

पहिला प्रकार जपून केला, तर किती मेहनत पडते याचं उदाहरण म्हणजे श्याम बेनेगल यांचा 'मंथन' (१९७६). गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घालून तो उभा केला होता. जुने सिनेमे जपणाऱ्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने तो दुरुस्त केला. चित्र घेतलं पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेल्या निगेटिव्हवरून, आणि आवाज घेतला एका जुन्या प्रदर्शन-प्रिंटवरून. २०२४मध्ये तो फ्रान्सच्या कान महोत्सवात दाखवला गेला आणि लगेच जूनमध्ये आपल्याकडच्या थिएटरांत लागला.

फिल्मचा ॲसिटेट पाया सडायला लागला, की डबा उघडताच व्हिनेगरचा वास येतो. फिल्म आकसते, वाकडी होते, आणि सुटलेलं आम्ल सडण्याचा वेग आणखी वाढवतं. अशी पट्टी आधी हाताने दुरुस्त करतात. कडेची फाटलेली भोकं आणि सुटलेले जोड सांधून ती धुतात आणि मगच स्कॅनरवर चढवतात. तीन तासांच्या सिनेमात २ लाख ५९ हजार २०० चौकटी. धूळ आणि ओरखडे सॉफ्टवेअर पुसतं, पण त्याला धूळ आणि पाऊस यांतला फरक कळत नाही. मोकाट सोडलं, तर ते पावसाच्या धारा, आगीच्या ठिणग्या, उडणारा गुलाल सगळं 'स्वच्छ' करून टाकतं. फिल्मच्या रसायनाचे बारीक दाणे पुसायचा उत्साह जास्त झाला, तर चेहरे मेणाचे होतात. म्हणून पडद्यावर बारीक दाणे वळवळताना दिसले तर तक्रार करू नये. फिल्म अशीच दिसते. एका दृश्यातून दुसरं उमलतं तिथे दाणे एकदम जाड होतात, तेही बरोबर आहे. तेवढा तुकडा त्या काळी प्रयोगशाळेत कॉपीवरून केलेला असायचा.

प्रिंटवरून केलेल्या स्कॅनमध्ये आणखी एक गंमत दिसते. ओरखड्यांचा पाऊस साधारण दर ११ मिनिटांनी, किंवा दुहेरी रिळं असतील तर २२ मिनिटांनी वाढतो. हजार फुटांचं रीळ तेवढंच चालतं, आणि सगळ्यात जास्त हाताळणी होते ती रिळाच्या दोन टोकांची. तिथेच उजव्या कोपऱ्यात वर क्षणभर एक ठिपका चमकतो. पहिला ठिपका आला, की ऑपरेटर पुढचं रीळ लावलेल्या दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायचा. सात सेकंदांनी दुसरा आला, की चित्र तिकडे न्यायचा. काही दुरुस्तीवाले हा ठिपकाही पुसतात. तो राहू द्यायला हवा, असं आमचं ठाम मत आहे.

आवाजाच्या बाबतीत मात्र भल्याभल्यांचा तोल जातो. बहुतेक जुन्या सिनेमांचा मूळ आवाज मोनो, म्हणजे मधल्या एका स्पीकरमधून येणारा. नव्या प्रदर्शनात तो सहा वाटांचा करायची हौस असते. मग घोड्यांच्या टापा डाव्या भिंतीतून येतात, बंदुकीचा बार कालच रेकॉर्ड केल्यासारखा कोरा वाजतो, आणि त्यांच्यामध्ये संवाद तेवढे जुनेच, खरखरीत. मूळ मोनो असेल तर आवाजाची पातळी तेवढी सांभाळावी लागते. थिएटरच्या यंत्रावर ७ हा आकडा प्रमाण मानतात. जुन्या पट्टीवर सनईचे वरचे स्वर तेवढ्यावर कानात घुसतात. ५च्या आसपास ठेवलं तर गाणं गाण्यासारखं ऐकू येतं. तक्रार करायचीच असेल तर ही करावी, आणि पहिल्या दहा मिनिटांत. मध्यंतरानंतर कुणी हात लावत नाही.

मध्यंतर कुठे घ्यायचं हे आता संगणकाला वेळ घालून सांगतात. सांगणाऱ्याने सिनेमा बघितलेला नसेल, तर ते अंतऱ्याच्या मधोमध येतं. दिव्यांचंही तसंच. आजच्या सिनेमाच्या शेवटी सात-आठ मिनिटं नावं सरकतात, म्हणून दिवे थोडे आधी लावायची सवय यंत्राला लागलेली असते. जुन्या सिनेमाची सगळी नावं सुरुवातीला येतात आणि शेवटी 'समाप्त' एवढंच. वेळ नव्याने लावली नसेल, तर नायक मरायला टेकलेला असतानाच दिवे लागतात आणि झाडूवाल्या मावशी आत येऊन उभ्या राहतात.