नहराचा पूल: मोजमाप आटोपलं, कमान उभी होतेय

मंडळी, चंद्रपूर जिल्ह्यातल्या आसोलामेंढा तलावाच्या नहरावरचा विटांचा पूल एकदाचा कागदावर उतरला, आणि त्यावरून छोटं मॉडेलही उभं राहतंय. धानाचं पाणी बंद होऊन नहर कोरडा पडेपर्यंत थांबावं लागलं, तोवर नुसते फोटो. सामान म्हणाल तर टेप, ओळंबा, नायलॉनची दोरी आणि खडू. रस्त्याने जाणाऱ्या एकाने सायकल थांबवून विचारलं, "का जी, पूल इकाचा हाये का?"

तलाव १९१८चा. १८९६-९७ आणि १८९९-१९००च्या दुष्काळांत मध्य प्रांत होरपळला, मग व्हाइसरॉय कर्झनने सिंचन आयोग नेमला. पूर्व विदर्भात धान वाचवायला मोठे तलाव झाले ते त्यानंतर: रामटेकचा खिंडसी, आपला आसोलामेंढा, मग घोडाझरी. पुलावर शिलालेख वगैरे काही नाही. गावरस्त्याचा एका गाळ्याचा पूल, त्याला कोण पाटी लावणार?

आता मुख्य गोष्ट. गाळा, म्हणजे कमानीखालचं आडवं अंतर, ३.६६ मीटर भरला, कमानीची मधली उंची ०.९१. हे आकडे काही बोलेनात. फुटांत केले तर सरळ १२ आणि ३. कमानीची त्रिज्या काढायची रीत सोपी आहे: अर्ध्या गाळ्याचा वर्ग ३६, भागिले उंची ३, आले १२, त्यात उंची मिळवली की १५, त्याचं अर्धं साडेसात. त्रिज्या ७.५ फूट, म्हणजे वर्तुळाचं केंद्र कमान जिथून सुटते त्या रेषेच्या ४.५ फूट खाली. आता ४.५, ६ आणि ७.५ शेजारी मांडून पाहा. ३-४-५ची दीडपट! गुण्या नसला तर आजही मिस्त्री ज्या आकड्यांनी काटकोन काढतात, तेच. साडेसात फुटांची दोरी, एक खुंटी, आणि जमिनीवर आख्खी कमान आखून मोकळा. हा योगायोग आहे असं मला अजिबात वाटत नाही.

गेल्या वेळी काही जणांचं म्हणणं होतं की कमान वर्तुळाची नसून अन्वस्त (पॅराबोला) असेल. म्हणून मध्यापासून दोन्हीकडे ३ फुटांवर ओळंबा सोडला. तिथे वर्तुळ असेल तर उंची २ फूट ४½ इंच यायला हवी, अन्वस्त असेल तर २ फूट ३. पूर्वेकडे बरोबर ४½ आली. पश्चिमेकडे मात्र ३½, म्हणजे एक इंच खाली. वर जाऊन पाहिलं तर नेमकं तिथेच रस्त्यात भलंमोठं खड्डं. धानाने भरलेली ट्रॉली त्यात आदळते. कमानीला मधोमध आलेला भार तसा सोसतो, पण पाव गाळ्यावरचा जड जातो: ती बाजू दबते आणि समोरची वर उचलू पाहते. पूर्वेकडचं माप जागेवर आहे, त्यामुळे अजून घाबरण्यासारखं नाही. खड्डं बुजवलं तर पुलाचं आयुष्य वाढेल, एवढं नक्की.

कमान विटांच्या दोन थरांची आहे. आतल्या थरात ४९ विटा, बाहेरच्यात ५१. विटा साध्या ९ × ४½ × ३ इंचाच्याच, पाचर करून तासलेल्या नाहीत. वळण सगळं सांध्यांनी घेतलंय: सांधा खाली सुमारे ०.४ इंच, वर जाड होत ०.६पर्यंत. दोन थरांचे सांधे एकमेकांशी जुळत नाहीत, ते यामुळेच. चुन्यात लाल कण दिसतात, ती सुरखी. भाजलेल्या विटेची ही भुकटी असली की चुना ओलीतही घट्ट होतो, नहराला तेच हवं. मधे कुणीतरी सिमेंटने सांधे भरलेत आणि नेमक्या त्याच विटांचे पापुद्रे सुटताहेत. ओल सिमेंटमधून निघत नाही, मग विटेतून निघते. चांगुलपणाने केलेली डागडुजी, पण असली डागडुजी नको.

मॉडेल एका फुटाला एक इंच या मापाने घेतलंय. विटा गावच्याच मातीच्या, घरी भाजलेल्या. बऱ्याच वाकड्या निघाल्या, त्या सुरखीला गेल्या. प्लायचा साचा उभा केलाय आणि आतला थर दोन्ही बाजूंनी सारखाच चढवत आणलाय, नाहीतर साचा एका अंगाला कलतो. मधली २५वी वीट तेवढी बाकी आहे. चुना सावकाश धरतो, तेव्हा साचा काढायची घाई नाही. काढतानाही एकदम ओढायचा नाही, खालच्या पाचरी थोड्या थोड्या सैल करायच्या.

गोसेखुर्द धरणाचा उजवा कालवा आसोलामेंढ्याला जोडला गेल्यापासून जुन्या नहराचं रुंदीकरण चालू आहे. असे पूल त्यात किती टिकतील, सांगता येत नाही. घोडाझरी किंवा रामटेककडे कुणी असाल तर जुन्या कमानीची तीनच मापं घ्या: गाळा, मधली उंची आणि पाव गाळ्यावरची उंची, दोन्ही बाजूंची. फुटांत घ्या. तिकडेही ३-४-५ निघतं का ते पाहायचंय.