शंका आली की आधी ती लिहून काढा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ख्रिस्ती मंडळ्या (चर्चचे समूह) लहान. विश्वासाबद्दलची शंका बोलली तर रविवारी उपासनेनंतर चहाबरोबर तिचीच चर्चा, म्हणून माणसं गप्प बसतात. आणि गप्प बसलं की ती मुरते.

आधी शंका एका वाक्यात लिहा, शेवटी प्रश्नचिन्ह हवंच. "देव आहे का?" आणि "माझी प्रार्थना का ऐकली नाही?" हे प्रश्न वेगळे. दुसऱ्यामागे बहुधा दुःख असतं, त्यावर युक्तिवाद चालत नाही. झोप मोडली असेल, उसाच्या हंगामात अंग मोडून आलं असेल, तर निकाल आठवडाभर पुढे ढकला.

मग बायबलमधलं स्तोत्र १३ मोठ्यानं वाचा. सहाच वचनं, सुरुवातीलाच देवाला चारदा "कोठवर?" स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे! प्रार्थना सुचत नसेल तर मार्क ९:२४ मधल्या, आजारी मुलाला येशूकडे आणणाऱ्या बापाची एक ओळ पुरे: "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." त्यानं विश्वास आणि अविश्वास एकाच दमात कबूल केला.

चूक होते ती उपासना सोडण्यात. येशूचा शिष्य थोमा याला येशू मरणातून उठल्याची खात्री नव्हती, पण आठ दिवसांनी तो शिष्यांसोबत त्याच घरात होता (योहान २०:२६). पाळकांशी (मंडळीच्या धर्मगुरूंशी) बोलायचं तर दारात नको, वेळ ठरवून घरी जा. कागद सोबत न्या.