शेरब्रुकच्या जंगलातली तिसरी पानगळ: आतापर्यंतच्या नोंदी

एप्रिलच्या पहिल्या रविवारी मेलबर्नची घड्याळं तासभर मागे गेली की माझा हंगाम सुरू होतो. घरात पाडव्याच्या साखरगाठी अजून संपलेल्या नसतात आणि बाहेर थंडी पडायला लागते. अळंबीवाल्यांचे दिवस ते हेच.

पानगळ आपलं म्हणायचं. मेलबर्नजवळच्या डँडेनाँगच्या डोंगरात गर्दी होते ती बागांमधले लालभडक मेपल बघायला. तिथल्याच शेरब्रुकच्या मूळ जंगलात पानं झडून उघडं पडणारं झाड दिसत नाही. माउंटन अ‍ॅश या उंच निलगिरीची साल तेवढी लांबलचक पट्ट्यांनी सोलून खाली लोंबते आणि वाऱ्यात खडखडते. इथल्या ‘कुलीन’ (Kulin) नावाच्या मूळनिवासी लोकांच्या ऋतुचक्रात एप्रिलपासून ‘वारिंग’ म्हणजे वॉम्बॅटचा ऋतू धरतात. मला तो हिशेब जास्त पटतो. वॉम्बॅटने अजून दर्शन दिलेलं नाही. त्याच्या चौकोनी लेंड्या मात्र एका आडव्या ओंडक्यावर फासे मांडून ठेवावेत तशा सापडल्या.

एप्रिल, दुसरा आठवडा. तीन तासांत जेमतेम एक किलोमीटर. पहिल्या वर्षी सात-आठ किलोमीटर चालायचो आणि घरी येऊन बघायचो तर सगळे फोटो अळंबीच्या छत्रीचे, वरून काढलेले. ओळख पटवायला त्यांचा काडीचा उपयोग झाला नाही. आता खिशात दाढीचा छोटा आरसा असतो. छत्रीखाली तो सरकवला की न उपटता कळतं, खाली पडदे आहेत, बारीक भोकं आहेत की दाते. शिवाय देठाचं बूड आणि ते कशावर उगवलंय, हे दोन फोटो काढल्याशिवाय पुढे जायचं नाही.

त्यामुळेच या वेळी मायसिना इंटरप्टा ही चिमुकली निळी अळंबी नीट पाहिली. कुजक्या, ओल्या ओंडक्याच्या खालच्या अंगाला सतरा होत्या. सगळ्यात लहान मोहरीएवढी, सगळ्यात मोठी आपल्या जुन्या पंचवीस पैशांएवढी. रंग थेट कपड्यांना घालायच्या निळीचा, कडेला फिकट होत गेलेला, वर ओलसर चिकट चकाकी. देठ पांढरा. आणि गेली दोन वर्षं माझ्या नजरेतून सुटलेली गोष्ट म्हणजे देठाच्या बुडाशी असलेली टिकलीसारखी गोल चकती. लाकडावर टिकली चिकटवून तिच्यावर छत्री उभी केल्यासारखं दिसतं. पोटावर आडवा होऊन हे बघत असताना दोन जळवा मोज्यात शिरल्या, ते घरी आल्यावर कळलं.

त्याच दिवशी वीस मिनिटं एकाच झुडपातून व्हिपबर्डचा चाबूक, कुकाबुराचं हसू आणि काळ्या काकाकुव्याची किंकाळी ऐकली. तिन्ही आवाज इतर पक्ष्यांच्या नकला करणाऱ्या लायरबर्डचेच. नराचा खरा विणीचा हंगाम हिवाळ्यात, आत्ता रियाज चालू आहे. फोटो नाही; नेचाच्या झाडामागे नुसती शेपटी दिसली. त्याने जिथे पाचोळा उकरला होता, तिथे माझी मागच्या वर्षीची एक हमखास जागा साफ झाली होती. लायरबर्ड एका हेक्टरात वर्षाला सरासरी १५५ टन माती-पाचोळा हलवतात, असं ला ट्रोब विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजलंय. तक्रार कोणाकडे करायची?

मेचा पहिला आठवडा. घराजवळच्या ओढ्याकाठी जुन्या गमच्या (निलगिरीच्या) बुंध्याशी पांढुरके, पंख्यासारखे झुबके आलेत. गेल्या वर्षी हेच मी आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर ‘ऑयस्टर’ ही खायची अळंबी म्हणून टाकले होते आणि तासाभरात दुरुस्ती आली: घोस्ट फंगस, ऑम्फॅलोटस निडिफॉर्मिस. दोन्हींचे पडदे देठावर उतरतात, बीजाणूही फिकटच, त्यामुळे कागदावर ठसा घेऊनही उलगडा होत नाही. खाल्लं तर उलट्यांनी माणूस बेजार होतो. पण याला अंधारात उजेड असतो.

बाबा सध्या इकडे आलेत, त्यांना रात्री नऊला घेऊन गेलो. दिवसा त्यांचा एकच प्रश्न असायचा, “ही खातात का रे?” (नाही, बाबा. इथे ओकच्या झाडाखाली येणारी डेथ कॅप ही विषारी अळंबी जीव घेते. घरात अळंबी फक्त दुकानातली.) टॉर्च बंद करून पंधरा मिनिटं गप्प उभे राहिलो. आधी काहीच नाही. मग बुंध्याशी दुधाळ धूसर काहीतरी उमटायला लागलं. डोळ्यांना हिरवा रंग जवळपास जाणवतच नाही. तो तीस सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये कॅमेऱ्याला दिसतो.

“अरे, हे आमच्या भीमाशंकरला पावसाळ्यात लाकडं चमकतात तसंच की,” बाबा म्हणाले. लहानपणी आजीबरोबर जाताना त्यांनी ते पाहिलं होतं, आणि आजीने मागे वळून बघू नकोस म्हणून सांगितलं होतं. तिथेही करामत मायसिनाच्याच एका जातीची, माझ्या निळ्या छत्र्यांच्या गणगोतातली. हे सांगितलं तर म्हणाले, “मग उद्या त्या निळ्या दाखव.”

उद्या रविवार. आरसा, ट्रायपॉड, आणि या वेळी मोज्यांवर मीठ चोळून.