सॅक दिली

रविवार, रात्र

मनूने आज काश्मीरच्या ट्रेकचे फोटो पाठवले. सगळे छान आलेत. पण गडसर खिंडीतला तो एक बघितला आणि तो जेवताना, भांडी आवरताना, सारखा डोळ्यांसमोर येत राहिला. ४,२०० मीटरवर आम्ही सहाजण ओळीने उभे, मागे खाली विशनसर आणि किशनसर ही दोन तळी, शेजारीशेजारी. पाचजणांच्या खांद्यांवर सॅकचे पट्टे आहेत. माझ्या नाहीत.

कोणाच्या लक्षातही येणार नाही, कळतं मला. तरी चारदा मोठा करून बघितला.

विशनसरच्या दुसऱ्या रात्री झोप अशी नव्हतीच. डोळा लागला की श्वास मध्येच थांबल्यासारखा व्हायचा आणि मी दचकून जागी. उठून बसावं तर टेंटच्या कापडाला आतून धरलेलं पाणी थेट मानेवर. ३,७०० मीटरवर हवेचा दाब इतका उतरतो की श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश. निचनईच्या चढावर हे मीच सगळ्यांना समजावत होते. रात्री दोन वाजता, बाहेर ओढ्याचा आवाज आणि आत माझं ठणकणारं डोकं, तेव्हा फक्त भीती होती. मनूला उठवलं नाही. त्याबद्दल ती अजून रागावलेली आहे, पण ते असो.

सकाळी घोडेवाल्या चाचांनी माझा चेहरा बघितला आणि सॅककडे हात केला. मी नाही म्हटलं. टेंट गुंडाळून झाल्यावर पुन्हा विचारलं, पुन्हा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. सॅक उचलली, घोड्यावर बोचक्यांच्या मध्ये ठेवली आणि दोर आवळला. मी नुसती उभी राहिले. एवढंच झालं.

एवढंच, मग इतकं का लागावं? अकरा किलो होती. निघताना दोनदा वजन करून, जास्तीचा स्वेटर काढून, पुन्हा भरलेली. आपलं सामान आपण वाहायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मीच धरून बसले होते. आणि गेल्या दोन वर्षांत जे काही झालं त्यात एवढी एकच गोष्ट माझ्या हातात राहिली होती असं वाटायचं. तीही त्या सकाळी गेली. चढ सुरू झाला तेव्हा मी सगळ्यांच्या मागे, रिकाम्या पाठीने, रडत चालले होते. पुढच्यांना दिसलं नसावं. चाचांना दिसलं असेल, पण ते घोड्याशीच बोलत राहिले.

पण मग पुढचंही लिहायला हवं.

खिंडीच्या अलीकडे, पाऊलवाटेला लागून दगडांच्या सांदीत निळी पॉपी होती. देठावर बारीक काटे, पाकळ्या इतक्या पातळ की पलीकडचा दगड दिसावा, मधे पिवळ्या केसरांचा झुबका. मी वाकले. सॅक घेऊन वाकले नसते. वाकलं तर पुन्हा उभं राहायला किती दम लागतो ते माहीत असतं. इतकी वर्षं चढावर मी पुढच्याच्या टाचा बघत आले. त्या दिवशी मान वर होती. किशनसरचं पाणी वर चढू तसं गडद होत गेलेलं मी बघितलं, ढगाची सावली उतारावरून आमच्या अंगावरून निघून गेलेली बघितली. खिंडीत पोचले तेव्हा मला आनंद झाला होता. सरळ, भरपूर आनंद. पट्टे नसलेल्या त्या फोटोत हसतेय मीच सगळ्यांत जास्त.

खुपतंय ते हे असावं. सॅक दिल्याचं वाईट वाटलं, ते ठीक. दिल्यावर बरं वाटलं, त्याचं काय करू?

गडसरला तळ्यात अजून बर्फाचे तुकडे तरंगत होते. लष्कराच्या चौकीवर ओळखपत्रं दाखवली. सातसरला सॅक परत घेतली आणि झाज खिंड तिच्यासकट चढले. तेव्हा वाटलं, फिटलं. गंगाबल तळ्याशी, हरमुख शिखरासमोर बसून अवी जे बोलला ते आज लिहीत नाही.

फिटलेलं नाही, फोटोने कळलं. पण मघाशी सॅक साफ करायला घेतली तर पाठीकडच्या जाळीत केस अडकलेले दिसले. आखूड, तपकिरी, ताठ. वास घेतला: घाम, ओलं गवत, धूर. दोन वाजता दचकून उठणारी मी आणि वर जाऊन हसणारी मी, दोघींच्या मधला तेवढा चढ या घोड्याने माझी सॅक वाहिली. त्याचं नाव विचारायचं राहिलं. चाचांना नेहमी हाक मारताना ऐकलं होतं, आता आठवत नाही, आणि याची मात्र खरंच हळहळ वाटते.

ब्रशने थोडे केस निघाले. बाकीचे जाळीत घट्ट बसलेत, ते राहू दिले. सॅक दारामागे अडकवली.

मनूने विचारलंय, कुठला फोटो मोठा करून घ्यायचा. खिंडीतला सांगितला.