आमचा दोन मिनिटांचा खून

सगळ्यात आधी हे सांगून टाकतो, शूटिंगसाठी साखरेच्या पाकाचं रक्त करू नका. करायचंच असेल तर डेडबॉडीला जास्त वेळ जमिनीवर झोपवू नका. आम्ही यूट्यूबवर बघून वाटीभर साखरेचा पाक केला, त्यात खायचा लाल रंग टाकला, तो लग्नातल्या जिलेबीसारखा दिसायला लागला म्हणून वर चमचाभर कॉफी टाकली आणि खरंच एक नंबर रक्त झालं, घट्ट, काळपट. ते रूममेटच्या कानामागं ओतलं, तो शहाबादी फरशीवर आडवा झाला, आमचा कॅमेरावाला सोलापूरकर फोकस लावत बसला, मी ट्यूबलाइटचं काय करायचं ते बघत बसलो आणि अर्ध्या तासानं डेडबॉडी बोंबलत उठली. मानेवर, कॉलरच्या आत, कानात, सगळीकडं मुंग्या. फरशीवरचा डाग अजून आहे. घरमालकांना बीट सांडलं म्हणून सांगितलंय.

तर झालं असं की आम्हाला या सेमिस्टरला क्राइम फिल्मची ओपनिंग करायची होती. पूर्ण शॉर्टफिल्म नाही, फक्त सुरुवातीची दोन मिनिटं, त्यातच टायटल आणि नावं, चार जणांचा ग्रुप. म्हणजे अशी सुरुवात करायची की पुढचा सिनेमा बघावासा वाटला पाहिजे, आणि तो पुढचा सिनेमा कधी बनणारच नाहीये. आमच्यात मी एडिट, सोलापूरकर कॅमेरा, साउंड आणि बाकी सगळी पळापळ एका मैत्रिणीकडं (तिला साउंडवालीच म्हणतो इथं, नाव टाकलेलं तिला आवडणार नाही) आणि चौथा माझा रूममेट, ज्याला ॲक्टिंग येत नाही म्हणून डेडबॉडी.

मी कोल्हापूरचा. प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली कोल्हापूर सोडून पुण्याला आली, मी २०२२ ला आलो, साम्य तिथंच संपलं. त्यांच्या स्टुडिओच्या जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट झाली आणि त्या गेटवरून जाताना मी अजून उगाच हळू चालतो.

पहिली स्क्रिप्ट माझी होती आणि ती भयाण होती. नाव ‘कलम ३०२’. रात्र, पाऊस, एक माणूस कोयता घेऊन चाललाय, कट टू डेडबॉडी, कट टू इन्स्पेक्टर, इन्स्पेक्टर गॉगल काढतो. (रात्री गॉगल का घातला होता हे मला कुणी विचारलं नाही.) डेडबॉडीनं सुट्टीत गावाकडून ऊसतोडीचा खराखुरा कोयता पेपरात गुंडाळून एसटीनं आणला. आमच्या मॅडम आधी पेपरात क्राइम बीटला होत्या. त्यांना आम्ही अभिमानानं हे सांगितलं तर त्या दोन सेकंद नुसत्या बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “पुण्यात? कोयता? पोरांनो, पेपर वाचता ना? आधी तो परत घरी पाठवा, मग बोलू.” बरोबरच होतं, इथं कोयता गँगच्या बातम्या सुरू झाल्यापासून चार पोरं आणि एक कोयता रात्रीचे गल्लीत दिसले तर शूटिंग चाललंय हे सांगायला कुणी वेळ देणार नाही.

मग त्यांनी नावावर बोट ठेवलं. “आणि ३०२ कुठून आलं? १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झालीय. खुनाचं कलम आता १०३. नव्या कायद्यात ३०२ काय आहे माहितीय का? कुणाच्या धार्मिक भावना दुखवायच्या हेतूनं काही बोलणं. तुमचा हीरो खून करून आलाय का भांडून?” अख्खा वर्ग हसला. लहानपणापासून ऐकलेलं ‘तीनशे दोन लागेल’ असं एका तारखेत बाद झालेलं आम्हाला माहीतच नव्हतं. ‘कलम १०३’ असं म्हणून बघितलं, काय मजाच येईना, रेल्वेचा डबा वाटतो. पण मॅडमच म्हणाल्या की १ जुलैच्या आधी घडलेल्या गुन्ह्याला जुनाच कायदा, म्हणजे ३०२ च लागतं. मग काय, आम्ही ठरवलं की आपला खून मे २०२४ मध्ये झालाय. भिंतीवर तेव्हाचं कॅलेंडर लटकवायचं, विषय संपला. या एका कॅलेंडरपायी पुढं सगळी फिल्मच बदलणार होती.

मुंग्यांचा दिवस वाया गेला तो गेलाच, फुटेजपण वाया गेलं. आमच्या फ्लॅटवर जुनी चोकवाली ट्यूब आहे आणि मोबाइलच्या नेहमीच्या कॅमेऱ्यानं शूट केलेल्या प्रत्येक क्लिपमध्ये काळे पट्टे वरून खाली सरकताना दिसत होते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं अशी ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते, आणि कॅमेऱ्याचा शटर त्याच्याशी जुळला नाही की हे पट्टे येतात. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंदाला लॉक केला की गायब. हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलेलं, वहीत लिहिलेलंपण आहे, मी नंतर बघितलं. मग ब्लॅकमॅजिकचं कॅमेरा ॲप टाकलं, फुकट आहे, त्यात शटर, व्हाइट बॅलन्स, फोकस सगळं लॉक होतं, नाहीतर मोबाइल शॉटच्या मध्येच आपल्या मनानं भिंत पिवळ्याची निळी करतो.

लोकेशन साउंडवालीनं शोधलं. तिच्या मामीची आई पेठेत एका जुन्या वाड्यात एकटी राहते, कुठली पेठ ते सांगत नाही, त्या रागावतील. लाकडी जिना, काळी पडलेली तुळई, स्वयंपाकघरात एकच खिडकी आणि त्यातून सकाळी नऊ ते साडेदहा असा तिरका उजेड येतो की सोलापूरकर तिथंच खाली बसला. कोपऱ्यात पाटा-वरवंटा. कोयता गेला होता, हत्यार पाहिजेच होतं, आम्ही चौघांनी एकमेकांकडं बघितलं.

“आजी, हा वरवंटा जरा शूटिंगला घेऊ का?”

“घ्या की. काय वाटायचंय?”

डेडबॉडीला कुठं काय बोलावं कळत नाही, तो म्हणाला, “वाटायचं नाही आजी, मारायचंय.”

आजींचा चेहराच बदलला. “अरे बाळा, बारशाला टोपडं घालून पाळण्याभोवती फिरवतात तो. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या म्हणून. माझ्या तिन्ही लेकरांच्या वेळी हाच होता. ह्यानं माणूस मारायचा नाही. काय वाटायचं ते वाटा, नाहीतर चहा घ्या आणि निघा.”

चहा घेतला. जिन्यावर बसून अर्धा तास भांडलो. सोलापूरकर म्हणाला थर्माकोलचा करू, मी म्हणलं क्लोजअपला थर्माकोल दिसतो भावा, आणि मग साउंडवाली जे बोलली त्यावर अख्खी फिल्म उभी आहे. ती म्हणाली, मारायचं कशाला दाखवायचं, वाटणंच दाखवू की. वाटता वाटता थांबलं तर?

मग आत जाऊन आजींनाच विचारलं की तुम्ही चटणी वाटाल का, फक्त हात दिसतील. तयार झाल्या. फक्त आम्ही ‘ॲक्शन’ म्हणलं की त्या थांबायच्या आणि कॅमेऱ्याकडं बघून “वाटू?” म्हणायच्या. नऊ टेक असेच गेले. शेवटी ॲक्शन म्हणणंच बंद केलं, रेकॉर्डिंग आधीच चालू ठेवायचं आणि नुसतं बसायचं. लसूण, दाणे, तिखट, मीठ. वरवंटा पुढं जाताना घर्रर्र असा एक आवाज आणि मागं येताना वेगळा, कोरडा, आणि मध्येमध्ये हातातल्या पाटल्या दगडाला टेकून टिक. त्यांच्या अंगठ्याला चटणी लागलेली, ती त्या पाट्याच्या कडेला निपटून काढायच्या आणि परत सुरू. तो अंगठ्याचा शॉट बघून मला पहिल्यांदा वाटलं की अरे हे खरंच सिनेमासारखं दिसतंय.

आता कॅलेंडर. आम्हाला २०२४ चं पाहिजे होतं आणि आजींकडं होतं, कारण त्या जुनी कॅलेंडरं फेकत नाहीत, दुधाचा न् गॅसचा हिशोब त्यावरच असतो. मे महिना उघडला. प्रत्येक तारखेच्या चौकोनात निळ्या पेननं ‘१ ली.’ लिहिलेलं, आणि १५ तारखेपासून सलग आठ दिवस नुसती फुली. खाडा. आजी तेव्हा मुलीकडं नाशिकला गेल्या होत्या. पण हे माहीत नसणाऱ्यानं ते पान बघितलं तर? रोज एक लिटर, रोज एक लिटर, चौदापर्यंत, आणि मग काही नाही. मला अंगावर काटा आला, खरं सांगतो. तिथल्या तिथं ३०२ गेलं, गॉगलवाला इन्स्पेक्टर गेला (तो करणारा सीनियर अजून रुसलाय) आणि फिल्मचं नाव ठरलं ‘खाडा’. डेडबॉडीला डेडबॉडीचंपण काम उरलं नाही, त्यानं रिफ्लेक्टर म्हणून थर्माकोल धरला, म्हणजे शेवटी थर्माकोल वापरलाच.

एकच अडचण, २३ तारखेपासून परत ‘१ ली.’ सुरू होत होतं. ते फ्रेमच्या बाहेर ठेवायला सोलापूरकर स्टुलावर स्टूल ठेवून चढला होता, आणि खाली मी त्याचे पाय धरून.

साउंडचं रडगाणं वेगळंच. शेजारच्या घरात दहा वाजता कुकर लागायचा. चांगला टेक चालू असला की शिट्टी. साउंडवाली कपाळाला हात लावून बसायची. शिवाय रूम टोन घ्यायचा आम्ही विसरलो, म्हणजे सगळ्यांनी अर्धा मिनिट गप्प बसून त्या खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करायची असते, ती नसली की एडिटमध्ये जिथं आवाज कापाल तिथं भोक पडल्यासारखं ऐकू येतं. त्यासाठी ती एकटी परत गेली आणि आजी झोपलेल्या असताना घड्याळ, फ्रीज आणि लांबचा रिक्षाचा आवाज घेऊन आली.

एडिट माझ्या लॅपटॉपवर, आठ जीबी रॅम, फोर-के क्लिप टाइमलाइनवर टाकली की फॅन असा सुटायचा की विमान उडेल. मग सगळ्याचे प्रॉक्सी बनवले, म्हणजे हलक्या कॉप्या, आणि त्यावर दाविंची नावाच्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये काम केलं. पहिला कट चार मिनिटं चाळीस सेकंद. सगळं आवडीचं होतं त्यात. जिन्यावरून वर येणारा बावीस सेकंदांचा गिम्बल शॉट (गिम्बल म्हणजे चालताना कॅमेरा हलू न देणारा दांडा), जो सोलापूरकरनं चौदा वेळा केला होता, तो मी काढला. दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. पण तो शॉट ठेवला की कुणीतरी येतंय हे आधीच कळत होतं, आणि मॅडमचं दर लेक्चरला एकच, हिचकॉकचा टेबलाखालचा बॉम्ब, प्रेक्षकाला बॉम्ब माहीत असेल तर साध्या गप्पापण ताणतात, माहीत नसेल तर नुसता दचकतो. मी मॅडमशी मनातल्या मनात वाद घालत होतो की आम्हाला बॉम्बपण दाखवायचा नाही आणि दचकवायचंपण नाही, मग करायचं काय.

ते शिट्टीनं सोडवलं. रात्री अडीचला वैतागून एका टेकमधली शिट्टी काढत होतो आणि चुकून ती काळ्या स्क्रीनवर सरकली. नुसता काळा पडदा आणि कुकरची शिट्टी. मी तशीच ठेवली. आता फिल्म अशी आहे: काळं, वरवंट्याचा आवाज, पहिली शिट्टी, मग चित्र उघडतं. हात, पाटा, उजेड, नावं येतात. दुसरी शिट्टी. अंगठा. मराठी घरात तीन शिट्ट्या मोजायची सवय प्रत्येकाला असते, त्यामुळं तिसरीची वाट आपोआप बघितली जाते. तिसरी होते आणि वरवंटा थांबतो. पाटलीची एक टिक. मग चौथी शिट्टी, कुणी गॅस बंद करत नाही. पाचवी. कॅलेंडर. टायटल. एक मिनिट अठ्ठावन्न.

शेजारच्यांच्या शिट्ट्या लांबच्या होत्या म्हणून आम्ही फ्लॅटवर कुकर लावून जवळून रेकॉर्ड करायला गेलो तर त्याची रिंग सैल, नुसती वाफ, शिट्टीच होईना. नवीन रिंग आणली. त्या दिवशी दोनदा वरणभात झाला.

टायटलबद्दल एक सांगतो, कुणाच्यातरी उपयोगी पडेल. नावांना टाइपरायटरसारखा एकेक अक्षर येणारा इफेक्ट लावला तर जोडाक्षरं फुटली, वेलांट्या आणि उकार टिंबांच्या गोलाला लटकून एकटेच यायला लागले. सॉफ्टवेअरला एकेक कॅरॅक्टर वेगळं करायचं असतं आणि आपली लिपी तशी सुटी होत नाही. मी नावं बाहेर इमेज म्हणून बनवली आणि साधी फेड केली. तसंही बरं दिसतं.

वर्गात दाखवली तेव्हा चौथ्या शिट्टीला मागच्या बाकावरून कुणीतरी खरंच “गॅस बंद करा रे” म्हणलं. मला तेवढंच पाहिजे होतं. मग एकानं विचारलं खून कुठाय, आणि मॅडमनी फिल्म मागं नेऊन एका जागी थांबवली. कॅलेंडरच्या आधीच्या शॉटमध्ये कोपऱ्यात ओट्यावर दुधाची पिशवी आणि तिच्यावर तारीख, २०२५ ची, स्वच्छ वाचता येतेय. मे २०२४ चा खून आणि पुढच्या वर्षीचं दूध. फोर-केमध्ये शूट केलं होतं म्हणून वाचलो, टाइमलाइन एचडीची होती त्यामुळं शॉट झूम करून पिशवी फ्रेमबाहेर काढली, क्वालिटीला काही झालं नाही.

फायनल घेऊन आम्ही आजींकडं गेलो. साउंडवालीनं मोबाइल त्यांच्या हातात दिला, हेडफोन नको म्हणाल्या, चष्मा लावून पूर्ण बघितली. स्वतःचे हात बघून हसल्या. कॅलेंडर आलं तशा गंभीर झाल्या, आम्ही चौघं एकदम पुढं सरकलो.

“हे काय रे,” म्हणाल्या, “तेवीसला मी दूध घेतलं होतं. ते का नाही दाखवलं?”